वरच्या जबड्यात हाड कमी पडतंय? इम्प्लांटचा भाव विचारण्याआधी मिलिमीटर विचारा

आमच्या कराडच्या घरात कवळी नवी नाही. आईची रात्री पाण्याच्या वाटीत असायची, आक्काची अजून स्टीलच्या डबीत असते. माझी मात्र अर्धीच होती. वरचे पुढचे सहा दात, सुळ्यापासून सुळ्यापर्यंत, शाबूत. मागच्या दाढा पायरियात एकेक करून गेल्या आणि त्या जागी तारेने अडकवायची काढघाल कवळी आली. अकरा वर्षं वापरली. शेंगदाण्याचा कण तिच्याखाली गेला की भर पंगतीतून उठावं लागायचं. निवृत्त झालो तेव्हा ठरवलं, आता पक्के दात. आणि पहिल्याच दवाखान्यात ऐकलं, "काका, वर हाडच शिल्लक नाही."

पुढच्या तीन महिन्यांत चार दवाखाने झाले आणि चार उत्तरं मिळाली. एक म्हणाले गालाच्या हाडात लांब स्क्रू घालू, दुसरे म्हणाले तीन दिवसांत दात देतो, तिसरे म्हणाले या वयात कवळीच बरी. चौथ्या बाईंनी आधी काहीच सांगितलं नाही. स्कॅन मागितला, संगणकावर रेघ ओढली आणि म्हणाल्या, "उजवीकडे तीन मिलिमीटर, डावीकडे सात." मी वीज मंडळात मीटर विभागात बत्तीस वर्षं काढली. रीडिंग न घेता बिल काढायचं नाही एवढं मला कळतं. पहिल्या तिघांनी तेच केलं होतं.

मी डॉक्टर नाही. हे सगळं रुग्णाच्या खुर्चीतून पाहिलेलं आहे, तेवढं धरून वाचा.

१. जबड्यात झालंय काय, ते आधी समजून घ्या

दाढ जागेवर असते तोवर चावण्याचा दाब मुळांवाटे हाडापर्यंत जातो आणि हाड टिकतं. दाढ काढली की ते खंगतं. पहिल्या वर्षभरात त्या जागेची रुंदी जवळपास निम्मी होते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. त्यावर कवळी घासत राहिली की झीज चालूच.

हे खालच्या जबड्यातही होतं. वरची अडचण वेगळी आहे. वरच्या दाढांच्या डोक्यावर, गालाच्या आत, सायनस नावाची हवेची पोकळी असते. दाढा गेल्या की ती पोकळी हळूहळू खाली पसरते. म्हणजे हाड हिरडीच्या बाजूने झिजतं आणि वरून सायनस जागा खातो. मधे उरतं ते कुणाचं दहा मिलिमीटर, कुणाचं अंड्याच्या टरफलाएवढं. शिवाय खालच्या जबड्याचं हाड सागाचं म्हटलं तर वरचं मागचं हाड पांगाऱ्याचं. स्क्रू जातो पटकन, पण धरत नाही.

साधा इम्प्लांट म्हणजे सुमारे चार मिलिमीटर जाडीचा, आठ ते बारा मिलिमीटर लांबीचा टायटॅनियमचा स्क्रू. त्याला चारी बाजूंनी हाड लागतं. म्हणून 'हाड नाही' असं कुणी म्हणालं की दोन प्रश्न विचारायचे: उंची किती, आणि रुंदी किती?

२. ओपीजीवर थांबू नका, सीबीसीटी काढून घ्या

ओपीजी म्हणजे संपूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे. अंदाजाला चांगला, पण त्यात हाडाची रुंदी दिसत नाही आणि मापं थोडी फुगून येतात. सीबीसीटी हा जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. मशीन डोक्याभोवती एकदा फिरतं, मिनिटभरही लागत नाही. मला तो कवळी काढून, हलू न देता काढला. किंमत शहराप्रमाणे बदलते. मी चौकशी केली तेव्हा दीड ते चार हजारांच्या मधले आकडे ऐकले.

इथे मी फसलो. पहिला स्कॅन स्वस्तातला घेतला आणि त्यात फक्त हिरडीजवळचा पट्टा आला. सायनस वरपर्यंत दिसतच नव्हता, म्हणून पुन्हा काढावा लागला. चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या: वरचा पूर्ण जबडा, दोन्ही सायनस, आणि सायनसचं नाकात उघडणारं तोंडही दिसलं पाहिजे. गालाच्या हाडातल्या इम्प्लांटचा विषय निघाला असेल तर गालाचं हाडही त्यात हवं.

छापील फिल्मवर समाधान मानू नका. डायकॉम फाइल, म्हणजे स्कॅनची संगणकावर उघडणारी मूळ फाइल, पेनड्राइव्हवर मागा. ती तुमची आहे, पैसे तुम्ही दिलेत. तीच फाइल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर नव्याने स्कॅन लागत नाही.

माझ्या स्कॅनमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. उजवीकडे दाढेच्या मुळाचा तुकडा जुन्या काढणीत आतच राहिला होता आणि त्याच्यावरचं सायनसचं अस्तर सुजलेलं होतं. वर्षानुवर्षं एकाच नाकपुडीतून येणारा घाण वास मी सर्दीचा समजत होतो. आधी कान-नाक-घसा डॉक्टर, तुकडा काढणं, औषधं, आणि मगच पुढचं. सायनस आजारी असताना त्यात हाड वाढवायची पावडर भरायला कुणी घाई करत असेल तर उठून या.

३. तब्येतीचे कागद गोळा करा

एक प्लास्टिकचं फोल्डर घ्या आणि त्यात हे ठेवा:

- सीबीसीटीची फाइल आणि रेडिऑलॉजिस्टचा लेखी अहवाल
- गेल्या तीन महिन्यांतला एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी), उपाशीपोटी साखर, रक्ताची साधी तपासणी
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, आयुर्वेदिक धरून
- हृदयाचा त्रास असेल तर हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी
- कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते
- जुने ओपीजी, असतील तर

मधुमेह असला म्हणून इम्प्लांट होत नाही असं नाही. साखर आटोक्यात हवी. एचबीए१सी आठच्या वर असेल तर आधी ते खाली आणा, असंच बहुतेक डॉक्टर सांगतात.

दोन औषधांबद्दल न विचारताच सांगा. एक, हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याला किंवा महिन्याला घ्यायच्या गोळ्या, किंवा वर्षातून एकदा, सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन: अ‍ॅलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, डेनोसुमॅब. यांच्यावर असताना जबड्याला जखम केली तर क्वचित हाड भरून न येता सडतं. कॅन्सरसाठी हीच औषधं मोठ्या मात्रेत दिलेली असतील तर धोका बराच जास्त. आपल्याकडच्या बायका 'ती गुडघ्यांची सुई' एवढंच सांगतात. कागद शोधून काढा. दुसरं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. त्या मनाने बंद करू नका. दाताचे आणि हृदयाचे डॉक्टर आपसात बोलून ठरवतील.

तंबाखू, मशेरी, विडी, गुटखा खरं काय ते सांगा. धुराने आणि तंबाखूने जखम नीट भरत नाही, इम्प्लांट सुटण्याचं प्रमाण वाढतं. आणि सुपारीची वेगळी कथा आहे. वर्षानुवर्षं सुपारी चघळणाऱ्यांचं गालाचं अस्तर ताठ होऊन तोंड उघडेनासं होतं. आरशासमोर तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा. आक्काची दोनच जातात. एवढ्याशा तोंडात मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोहोचवणं जिकिरीचं, आणि गालाच्या हाडातला लांब इम्प्लांट तर जवळपास अशक्य.

४. आता पर्याय: आपल्या आकड्याप्रमाणे वाचा

खालचे आकडे कडक नियम नाहीत; डॉक्टर एखादा मिलिमीटर इकडेतिकडे धरतात. पण बोलणं कळायला पुरतात.

*आठ-दहा मिलिमीटर किंवा जास्त.* साधा इम्प्लांट. तुम्हाला या लेखाची फारशी गरज नाही.

*सहा ते आठच्या आसपास.* इथे दोन वाटा. एक म्हणजे आखूड इम्प्लांट, सहा ते आठ मिलिमीटरचे. दुसरी, इम्प्लांटच्याच भोकातून सायनसचा तळ हळूच एक-दोन मिलिमीटर वर ढकलायचा आणि त्याच बैठकीत इम्प्लांट बसवायचा. माझ्या डाव्या बाजूला हेच केलं. जुन्या पद्धतीत छोट्या हातोडीने ठोकतात. दुखत नाही, पण डोक्यात घण पडल्यासारखं वाटतं. आता त्यासाठी वेगळे ड्रिलही आहेत. आधी विचारून ठेवा, म्हणजे दचकणार नाही.

*चार-पाचच्या खाली.* इथे बहुधा खिडकीवाली सायनस लिफ्ट. गालाच्या बाजूने हिरडी उघडून हाडाला छोटी खिडकी पाडतात, आतलं पातळ अस्तर न फाडता वर उचलतात आणि खालच्या जागेत हाडाची पावडर भरतात. अस्तर फाटणं ही यातली सर्वात नेहमीची अडचण. लहान छिद्र असेल तर कोलाजेनचा पडदा लावून काम पुढे जातं. मोठं असेल तर शिवून, काही महिने थांबून पुन्हा करतात. थांबणाऱ्या डॉक्टरांना नावं ठेवू नका. पावडरीचं हाड व्हायला सहा ते नऊ महिने लागतात. माझ्या उजवीकडे तीनच मिलिमीटर होतं, म्हणून आधी फक्त लिफ्ट, सात महिन्यांनी इम्प्लांट. चार-पाच मिलिमीटर असेल आणि स्क्रू घट्ट धरला तर दोन्ही एकाच वेळीही होतं.

पावडर कशाची, हे आपल्याकडे विचारलंच पाहिजे. चार प्रकार असतात: तुमचंच हाड, हनुवटीतून किंवा अक्कलदाढेमागून खरवडलेलं, दात्याचं प्रक्रिया केलेलं मानवी हाड, जे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढीही पुरवते, जनावराचं, बहुधा गोवंशाचं, आणि कारखान्यात बनवलेलं कृत्रिम. पडदाही कधी गाईच्या, कधी डुकराच्या कोलाजेनचा असतो. वैद्यकीयदृष्ट्या यातलं बरंचसं चांगलं चालतं, पण तुमच्या श्रद्धेला काय चालतं ते तुम्हीच ठरवायचं, आणि ते शस्त्रक्रियेच्या आधी. मी कुठली घेतली ते इथे लिहीत नाही. घरात त्यावरून अजून वाद आहे.

*उंची आहे, रुंदी नाही.* पुढच्या दातांच्या जागी असं पुष्कळदा होतं: हाड सुरीच्या पात्यासारखं. मग बाजूने पावडर आणि पडदा लावून जाडी वाढवतात, किंवा हाड मधून फाकवून त्यात इम्प्लांट घालतात, किंवा हाडाचा ठोकळा स्क्रूने बसवतात.

*वरचे सगळेच दात गेलेत, मागे हाड नाही, पुढे आहे.* चार इम्प्लांटवर अख्खी वरची ओळ, ज्याला 'ऑल ऑन फोर' म्हणतात. लिस्बनच्या पावलो मालो यांनी ही रीत रूढ केली. पुढचे दोन सरळ, मागचे दोन तिरके, सायनसला वळसा घालून. पावडर वाचते, आणि स्क्रू घट्ट बसले तर तात्पुरते पक्के दात लगेच मिळतात. काही डॉक्टर मागे, अक्कलदाढेच्याही पलीकडे, टेरिगॉइड नावाच्या कठीण हाडात लांब इम्प्लांट रोवतात. हात बसलेला डॉक्टर असेल तर चांगलं काम. तुमच्यावर शिकणारा नको.

*पुढे-मागे कुठेच काही उरलं नाही.* मग झायगोमा, म्हणजे गालाच्या हाडातले इम्प्लांट. साधारण ३० ते ५२ मिलिमीटर लांब, करंगळीएवढे! १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यात पहिले टायटॅनियम इम्प्लांट बसवणारे स्वीडनचे ब्रोनेमार्क, त्यांनीच हेही पुढे आणले. २०२१ मध्ये कोविडनंतर आलेल्या म्युकरमायकोसिसमध्ये महाराष्ट्रात कितीतरी जणांचा वरचा जबडा कापून काढावा लागला. त्यांच्यातल्या अनेकांसाठी हीच वाट होती. भूल देऊन करायचं मोठं काम आहे, टोक डोळ्याच्या खोबणीजवळून जातं. मुख-शल्यचिकित्सकानेच करावं. मला मात्र पहिल्या भेटीत, सपाट एक्स-रे बघून, हेच सुचवलं होतं, आणि माझ्या एका बाजूला सात मिलिमीटर हाड होतं.

*तीन दिवसांत दातांची जाहिरात.* हे बहुधा बेसल इम्प्लांट असतात: एकसंध, गुळगुळीत, खोलवरच्या कठीण हाडात अडकवलेले, वर लगेच पूल, म्हणजे एकमेकांना जोडलेली दातांची ओळ. काही रुग्णांचे चांगले चाललेत, हेही पाहिलंय. पण साध्या इम्प्लांटइतका दीर्घकाळचा अभ्यास यांच्यामागे नाही, आणि पूल बहुधा सिमेंटने चिकटवलेला असल्याने एकाला दुखलं की अख्खी ओळ कापावी लागू शकते. हा पर्याय घेणार असाल तर एकच विचारा: एक सुटला तर काय कराल, आणि त्याचा खर्च कुणाचा?

*काहीच न करणं.* आक्का एकोणऐंशी वर्षांची, अठरा वर्षं कवळी. माझं बघून तिलाही आणलं होतं. चौथ्या बाईंनी तिची जुनी कवळी हातात घेतली, दात पार घासून सपाट झालेले दाखवले आणि नवी नीट मापाची करून दिली. ती खूश आहे. याच्या मधलीही एक पायरी आहे: वर चार इम्प्लांट आणि त्यांवर बटणासारखी बसणारी, काढता येणारी कवळी. टाळू मोकळा राहतो, म्हणून जेवणाची चव पुन्हा लागते. खालच्या जबड्यात दोन पुरतात, वर सहसा चार लागतात, कारण तेच, पांगाऱ्याचं हाड.

५. दुसरं मत घ्या, पण योग्य माणसाचं

हे एकट्याचं काम नाही. हाड आणि शस्त्रक्रिया मुख-शल्यचिकित्सक किंवा हिरडीतज्ज्ञ बघतात. दात कुठे, कसा बसणार हे कृत्रिम दंतरोपणाचे एमडीएस, म्हणजे प्रोस्थोडॉन्टिस्ट. चांगल्या ठिकाणी दात आधी ठरतो, स्क्रूची जागा मागून. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे आहे का, हे विचारण्यात गैर काही नाही.

खाजगी आकडे ऐकून धडकी भरली तर सरकारी दंत महाविद्यालयांत चौकशी करा: मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय आणि मुंबई सेंट्रलजवळचं नायर, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. गोव्यात बांबोळीचं. खेटे जास्त पडतात, शिकणारे विद्यार्थी हात लावतात, पण मागे प्राध्यापक उभे असतात.

६. खर्च तुकड्यातुकड्याने लिहून घ्या

'एक इम्प्लांट पंचवीस हजार' या वाक्यात दात असेलच असं नाही. कोटेशनमध्ये या ओळी वेगळ्या मागा: स्क्रू, त्यावरचा जोडतुकडा, कॅप, पावडर आणि पडदा, भूल, तात्पुरते दात, स्कॅन, पुढच्या तपासण्या. इम्प्लांटची कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या. दहा वर्षांनी सुटा भाग लागला तर तो मिळाला पाहिजे.

'आयुष्यभराची गॅरंटी' ऐकलं की कागद मागा. बहुधा ती स्क्रूच्या धातूची असते. हाडाची, कॅपची, डॉक्टरांच्या मेहनतीची नसते. मेडिक्लेमवर भरवसा ठेवू नका, अपघात सोडला तर बहुतेक पॉलिसी दातांचं हे काम धरत नाहीत. आणि सगळे पैसे आधी भरू नका. टप्प्याटप्प्याने द्या.

७. सायनस लिफ्टनंतरचे पंधरा दिवस

मला दोन आठवडे नाक शिंकरायला बंदी होती. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, दाबायची नाही. स्ट्रॉने पिणं बंद, नाक दाबणं बंद, विमानप्रवास डॉक्टरांना विचारून. हे सगळं छापील कागदावर होतं. जे नव्हतं ते मी विचारलं म्हणून कळलं: कपालभाती, भस्त्रिका, जलनेती, सगळं बंद. शंख आणि बासरीही. माझी तारीख गणपतीच्या आठवड्यात आली होती, ती पुढे ढकलली; आरतीला शंख फुंकायचं काम आमच्या घरी माझं.

नाकातून एक-दोन दिवस थोडं रक्त येतं, गाल सुजतो, डोळ्याखाली निळं होतं. नाकातून पावडरीचे बारीक कण आले, पू आला, ताप आला किंवा पाणी पिताना नाकात आलं तर त्याच दिवशी फोन करा. खाणं पातळ: पेज, मऊ भात, मुगाची खिचडी कोमट करून. जुनी कवळी जखमेवर घालू नका. माझी आतून घासून, मऊ अस्तर लावून तीन आठवड्यांनी परत मिळाली.

८. वाट बघायची तयारी

माझं वेळापत्रक असं झालं: मुळाचा तुकडा आणि सायनसचा इलाज तीन महिने, उजवी लिफ्ट आणि डावा इम्प्लांट एकाच दिवशी, सात महिने थांबणं, मग उजवे दोन इम्प्लांट, पुन्हा पाच महिने, मग कॅप. सव्वा वर्षाच्या वर गेलं. वरच्या जबड्यात स्क्रू धरायला चार ते सहा महिने लागतात, त्यात घासाघीस करण्यात अर्थ नाही. मुलाचं लग्न, परदेशवारी वगैरे असेल तर पहिल्याच भेटीत तारखा सांगा.

९. कार्ड जपून ठेवा

इम्प्लांट किडत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड पायरियासारखंच झिजू शकतं, आणि ज्यांचे दात पायरियाने गेले त्यांना तो धोका जास्त. म्हणजे मला. रोज रात्री फटीतला छोटा ब्रश, सहा महिन्यांनी सफाई, वर्षाने एक्स-रे.

प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, माप आणि लॉट क्रमांकाचं स्टिकर असतं. ते तुमच्या इम्प्लांटच्या कार्डावर चिकटवून मागा. गेल्या वर्षी लेकीकडे बंगळूरला असताना माझी उजवीकडची कॅप हलायला लागली. तिथल्या दाताच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या कंपनीचा आहे?" मी पाकिटातून कार्ड काढून दिलं. त्यांनी खणातून त्या कंपनीचा स्क्रूड्रायव्हर घेतला, दहा मिनिटांत स्क्रू आवळला आणि दोनशे रुपये घेतले.